नोंद झाल्याशिवाय गाडी आली नाही

“नुसत्या डोळ्यांवर जाऊ नका, बाई. गाडी दिसतीय, पण अजून आलेली न्हाय.”

हे वाक्य मला ऐकवलं गेलं तेव्हा मी त्याच गाडीच्या खिडकीत बसले होते. गाडी स्टँडात उभी, इंजिन बंद, ड्रायव्हर तंबाखू मळतोय, आणि समोरच्या खोलीतून एक गृहस्थ मला शांतपणे सांगतायत की गाडी अजून यायची आहे. मी नवीन होते. मनात म्हटलं, बिचाऱ्याचं डोकं फिरलंय. पुढं सहा वर्षं त्याच स्टँडवरून जा-ये केल्यावर कळलं की त्यांचं डोकं अगदी जागेवर होतं, फिरलं होतं ते माझं नशीब.

मी सास्तूरची. शाळा मिळाली ती थेट सरहद्दीजवळच्या एका खेड्यात. गाव आपल्याच जिल्ह्यातलं, शाळा मराठी, मुलं मराठी, पण तिथून जाणारी सकाळची एकुलती एक गाडी मात्र पलीकडच्या राज्याची. म्हणजे घरून निघायचं आपल्या गाडीनं, सरहद्दीवरच्या स्टँडवर उतरायचं आणि तिथून त्यांच्या गाडीत बसायचं. स्टँड एकच, दोघांच्या मालकीचं. पत्र्याचं लांबलचक शेड, मधोमध भिंत, भिंतीच्या अलीकडं आपल्या महामंडळाची खोली, पलीकडं त्यांची. दोन खोल्या, दोन खिडक्या आणि दोन कंट्रोलर. कंट्रोलर म्हणजे गाड्यांच्या येण्याजाण्याची नोंद ठेवणारा माणूस. आपल्या खिडकीत जे बसायचे त्यांना सगळे साहेब म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचे.

आता साहेबांची शिस्त ऐका. गाडी स्टँडात शिरली की कंडक्टरनं एकट्यानं खाली उतरायचं, दाराला बाहेरून कडी घालायची आणि कागद घेऊन खिडकीपाशी जायचं. साहेब मोठं रजिस्टर उघडणार. फूटपट्टी ओळीवर ठेवणार, इकडून बघणार, तिकडून बघणार. गाडीचा नंबर निळ्या पेननं, वेळ लाल पेननं. अक्षर असं, की लग्नपत्रिकेवर शोभावं. मग खाली एक रेघ. रेघेवर फुंकर. मग सही, तिच्या शेपटीला दोन टिंबं. एवढं झालं की साहेब मान वर करून म्हणणार, “आली.” की कंडक्टर पळत येऊन कडी काढणार. नोंद नाही तर गाडी आली नाही, आणि न आलेल्या गाडीतून माणसं उतरणार कशी? मी मोबाईलवर वेळ लावून मोजलंय. नऊ मिनिटं. लोकांनी घाई केली तर दहा.

आपली गाडी यायची साडेनऊला आणि त्यांची सुटायची नऊ चाळीसला. हिशेब तुम्हीच करा. वाटेत मेंढरांचा कळप आडवा आला, कुणी म्हातारी हात करून भाजीची पाटी चढवत बसली, की झालं कल्याण. आम्ही चाळीस माणसं कडी घातलेल्या गाडीत खिडक्यांना नाकं लावून बसणार आणि समोरून, हाताच्या अंतरावरून, ती गाडी आम्हाला टाटा करत जाणार. मग काळीपिवळी जीप भरायची वाट बघा, नाहीतर चार किलोमीटर चाला. शाळेत हेडमास्तर दारातच उभे. “काय बाई, आजही गाडी आली नाही?” तीन उशीर म्हणजे एक रजा. माझ्या वर्षाच्या निम्म्या रजा त्या फूटपट्टीनं खाल्ल्या, मेलीचं वाटोळं होवो.

तुम्ही म्हणाल, कंडक्टर कसे ऐकून घ्यायचे? एकानं नाही ऐकलं. नवा पोरगेला कंडक्टर होता, बायकांनी गलका केला म्हणून त्यानं नोंदीआधीच दार उघडलं. आम्ही दहाबारा जणी उतरलोसुद्धा. साहेब खोलीबाहेर आले. ओरडले नाहीत, हे त्यांचं वैशिष्ट्य. सगळ्यांना परत गाडीत बसवलं, गाडी फाटकाबाहेर काढायला लावली, आणि म्हणाले, “आता या.” गाडी वळून पुन्हा आत आली, कडी पडली, नोंद सुरू झाली. त्या कंडक्टरवर त्यांनी चार पानी रिपोर्ट पाठवला. त्यांच्या रिपोर्टमधलं मराठी इतकं भारी असायचं म्हणे, की डेपोतले साहेब लोक वाचत बसण्यापेक्षा शिक्षा करून मोकळे व्हायचे.

याआधी ते परंड्याला होते. तिथली एकच गोष्ट ते सांगायचे, पण दर आठवड्याला सांगायचे. “परंड्याच्या किल्ल्यात तोफ हाय, बाई. एवढी मोठी. पण गाव भ्यायचं ते माझ्या शिट्टीला.” परंडेकरांना हे ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

स्टँडच्या फरशीवर त्यांनी चुन्याची रेघ मारली होती. भिंत जिथं संपते तिथून थेट फाटकापर्यंत, आपली हद्द आणि त्यांची हद्द. दर सोमवारी ते स्वतः पँटचे पाय दुमडून ती नव्यानं मारायचे. पाण्याचा रांजण आपल्या हद्दीत. त्याला साखळीनं बांधलेला पेला. पेल्याला हात लावला की खिडकीतून प्रश्न यायचा, “कुठल्या गाडीचे?” आपल्या गाडीतून उतरलेल्यांना पाणी होतं, त्यांच्या गाडीला जाणाऱ्यांना नव्हतं. एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, “साहेब, मी तुमच्या गाडीतून उतरलीय आणि त्यांच्या गाडीत चढणाराय. मग मधल्या वेळात मी कुणाची?”

त्यांनी खरंच विचार केला. टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. “मधल्या वेळात तुम्ही प्रवासी न्हाय. नुसत्या बसलेल्या बाई.”

“मग बसलेल्या बाईनं पाणी प्यायचं का?”

“प्या की. माणुसकी हाय आमच्याकडं.”

माइकवर बसले की मात्र बोली पार बदलायची. आपल्या गाडीची घोषणा म्हणजे मंगलाष्टकं. “प्रवासी बंधू-भगिनींनो, लक्ष द्या,” इथून सुरुवात करून वाटेतला एकेक थांबा, तिथं चढणाऱ्यांनी घ्यायची काळजी, सुटे सामान, लहान मुलं, सगळं. आणि त्यांची गाडी लागली की? तेवढ्याच गंभीर आवाजात, “स्थानकावर एक इतर वाहन उभे आहे.” कुठं जाणार, किती वाजता, काही नाही. नवखी माणसं विचारायला यायची. हातात बोचकी, कडेवर पोरं. “साहेब, ही कुठं जाती?” साहेब रजिस्टरमधून मान वर न काढता म्हणायचे, “चौकशी आपल्या गाडीची करा.” गाडी समोर उभी असताना माणसं चुकायची. मग मी किंवा दुसरं कुणी त्यांना ढकलत ढकलत रेघेपलीकडं नेऊन घालायचो.

पलीकडच्या खिडकीचे जे कंट्रोलर होते त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. पोट सुटलेला, हसरा माणूस. खोलीत कधी दिसायचे नाहीत, बाहेर स्टूल टाकून बसलेले, गळ्यात शिट्टी. आम्ही बायका कडीतून सुटून धावत सुटलो की तेही उठून हात हलवायचे, “बर्री बाई, बर्री!” म्हणजे या, या. जमेल तेवढी गाडी थांबवायचे. एकदा मी तक्रार केली तर खाली आवाजात म्हणाले, “दोन मिनिट थांबवतो री मी. तिसऱ्या मिनिटाला माझंच वर रिपोर्ट जातंय.” त्यांचा काही इलाज नव्हता, आणि माझा राग त्यांच्यावर नव्हताही.

हे दोघं एका भिंतीला पाठ लावून अकरा वर्षं बसले आणि एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. अण्णा सुरुवातीला नमस्कार करायचे म्हणे, मग तेही दमले. मी साहेबांना विचारलं, “भांडण झालं होतं का हो कधी?”

“छे! भांडायचं तर बोलावं लागतंय.”

एकदा आपली गाडी स्टँडातच पंक्चर झाली. गाडीतला जॅक मोडका. अण्णांनी त्यांच्या गाडीतला जॅक काढून अगदी रेघेवर आणून ठेवला. साहेबांनी तो बघितला आणि पाठ फिरवली. “उसना जॅक म्हणजे उसनी अब्रू.” डेपोतून जॅक यायला दोन तास. माणसं उन्हात, एका बाईच्या मांडीवर तापानं फणफणलेलं पोर, आणि जॅक चार हातांवर पडलेला. शेवटी साहेब डबा खाऊन हात धुवायला मागं गेले तेवढ्यात ड्रायव्हरनं पायानं तो जॅक अलीकडं ओढला, चाक बदललं आणि परत पायानंच पलीकडं सारला. साहेब येऊन बघतात तो गाडी उभी. “आला का डेपोचा जॅक?” “आला साहेब, गेला पण,” ड्रायव्हर म्हणाला. साहेबांनी तसं रजिस्टरमध्ये लिहिलं, लाल पेननं. त्या दिवशी मला हसू आलं, पण त्या पोराच्या आईकडं बघून ते तोंडातच विरलं.

अन्याय करायचा नाही म्हणून एक गोष्ट सांगते. त्या सगळ्या मार्गावर बायकांसाठी स्वच्छ संडास असा एकाच स्टँडवर होता, आमच्या. त्याची किल्ली साहेबांकडं. रोज सकाळी स्वतः उभं राहून धुवून घ्यायचे आणि आत बादलीत पाणी आहे का ते बघायचे. बायकांच्या बाकाशी टवाळ पोरं रेंगाळायला लागली की माइकवरून, “बाकाशेजारी उभ्या असलेल्या दोन निरुपयोगी इसमांनी स्थानक सोडावे.” आणि ती किल्ली मागायला रेघेपलीकडची बाई आली तर? तिला मात्र ते कधी कुठली गाडी विचारत नसत. या एका गोष्टीसाठी त्यांचे शंभर गुन्हे माफ. पण त्यांचा आकडा शंभरावर थांबणारा नव्हता.

तर अशा माणसाला एकुलती एक लेक. तिची सोयरीक पलीकडं झाली. आमच्या भागात ते काही नवल नाही, अर्ध्या गावाच्या लेकीसुना सरहद्दीच्या इकडच्या तिकडं असतात. व्याह्यांनी पाठवलेल्या मोटारसायकलवर बसून जाऊन साहेबांनी मुलगा बघितला, शेत बघितलं, घर बघितलं, विहिरीला पाणी किती तेसुद्धा दोरी सोडून बघितलं. गाडी बघायची राहिली. लग्न झाल्यावर लक्षात आलं की लेकीच्या गावाला आपली गाडी जातच नाही. जाते ती फक्त त्यांची. राहिली काळीपिवळी, तर तिच्याबद्दल साहेबांचं मत असं, की त्यात माणसं बसवत नसून कांदे भरतात. झालं. लग्नाला चार वर्षं झाली आणि बापानं लेकीच्या घराचा उंबरा पुन्हा बघितला नाही.

काकू, म्हणजे साहेबांची बायको, दर महिन्या-दोन महिन्यांनी खुशाल जायच्या. साहेब त्यांची पिशवी उचलून रेघेपर्यंत यायचे, पिशवी रेघेवर ठेवायचे आणि माघारी वळायचे. काकू स्वतः पिशवी उचलून पलीकडं जायच्या. अण्णा त्यांना खिडकीची जागा धरून द्यायचे. आणि मागून माइकवर आवाज, “स्थानकावरून एक इतर वाहन सुटत आहे.” काकू मला कोपरानं ढोसायच्या. “ऐका, नवरा निरोप देतोय माझा.”

पहिल्या नातवाच्या जावळाला साहेब गेले नाहीत. लेक महिन्याभरानं त्याला घेऊन स्टँडवर आली. बाकावर बसून साहेबांनी नातवाला मांडीवर घेतलं, त्याच्या टकलावरून हात फिरवला, त्याला शिट्टी वाजवून दाखवली. मी शेजारीच होते. लेक म्हणाली, “बाबा, मी तुमच्या स्टँडवर किती दिवस यायचं? तुम्ही माझ्या दारात कधी येणार?” साहेब म्हणाले, “रिटायर झाल्यावर बघू.” लेकीनं पोराला उचललं आणि रेघेपलीकडं जाऊन बसली. तिची गाडी यायला अजून अर्धा तास होता.

मग साहेब रिटायर झाले. निरोप समारंभ झाला, हार झाले, आणि साहेबांनी आपली फूटपट्टी नव्या कंट्रोलरच्या हातात दिली. महिनाभर त्यांनी त्याला शेजारी बसवून तयार केला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पदराआड हात घेतले. वाटलं, सुटलो बाबा एकदाचे! दुसऱ्या दिवशी गाडी स्टँडात शिरली, कंडक्टर उतरला, कडी पडली. फूटपट्टी तीच, लाल पेन तेच, फक्त टोपी नवी. नऊ मिनिटं.

तीन महिने गेले आणि लेकीला मुलगी झाली, सासरीच. बारसं ठरलं. काकू आठ दिवस आधी गेल्या. जाताना बाकावर बसून त्यांनी मला सगळं सांगितलं, हसू नव्हतं तोंडावर. लेकीनं फोन करून बापाला सांगितलं होतं, “आता नोकरी नाही, ड्यूटी नाही. या वेळी आला नाहीत तर मला माहेर नाही असं मी समजेन. परत बोलवू नका, मी यायची नाही.” साहेबांनी काय म्हटलं, विचारलं तर काकू म्हणाल्या, “काय म्हणत्यात? फोन ठेवला आन् घड्याळाला चावी दिली.”

बारशाच्या दिवशी सकाळी आमच्या गाडीला साहेबांच्या गावाच्या थांब्यावर हात झाला. साहेब चढले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, टोपी, हातात पिशवी. माझ्या पुढच्या सीटवर बसले. पिशवीतून कुंची आणि झबली डोकावत होती, आणि वरच्या खिशात कागदात गुंडाळलेले चांदीचे वाळे. ते सारखे खिसा चाचपत होते. थोड्या वेळानं मागं वळले आणि अगदी बारीक आवाजात म्हणाले,

“बाई, ती गाडी… वेळेवर सुटती का?”

“कुठली गाडी, साहेब?”

“तीच. पलीकडची.”

“ते इतर वाहन होय?” मी म्हटलं. “त्याची चौकशी इथं होत नाही.”

खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. सहा वर्षांच्या रजा डोळ्यांपुढं उभ्या राहिल्या. साहेब पुढं बघायला लागले. त्यांची मान शर्टाच्या कॉलरमध्ये एवढीशी दिसत होती. मग माझं मलाच वाईट वाटलं. पुढं वाकून सांगितलं, “नऊ चाळीसला सुटते. त्याच्यानंतर दोनला.” बारसं बाराला होतं. आणि त्या महिन्यात माझेही दोन उशीर आधीच झाले होते.

लोहाऱ्याच्या पुढं मेंढरं आडवी आली. नेहमीचीच. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, मेंढरांनी मनावर घेतलं नाही. साहेब उठून उभे राहिले, बसले, परत उठले. “दाबा की जरा,” ते ड्रायव्हरला म्हणाले. हे ऐकून अख्खी गाडी एकमेकांकडं बघायला लागली. या माणसाच्या तोंडून घाईचा शब्द कुणी ऐकला नव्हता.

नऊ तेहेतीसला आम्ही स्टँडात शिरलो. त्यांची गाडी लागलेली, इंजिन चालू. आपला कंडक्टर उतरला, बाहेरून कडी घातली, कागद घेऊन खिडकीपाशी गेला. नव्या कंट्रोलरनं रजिस्टर उघडलं. फूटपट्टी ठेवली. इकडून बघितलं, तिकडून बघितलं.

साहेब दाराशी उभे, पिशवी छातीशी. मागून आवाज सुरू झाले. “साहेब, सांगा की त्याला!” “तुमचाच चेला हाय!” “साहेब, आज तरी!” साहेब हलले नाहीत. ड्रायव्हरला दया आली. तो म्हणाला, “साहेब, माझ्या दारानं उतरा. तुम्हाला कोण काय म्हणतंय?” त्यानं आपलं दार उघडूनसुद्धा धरलं. साहेबांनी त्या दाराकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

“ड्रायव्हरच्या दारानं प्रवासी उतरत नसतात,” ते म्हणाले.

“अहो, लेक हाय ना तिकडं!” मागची एक म्हातारी किंचाळली. मला तर त्यांना धरून गदागदा हलवावंसं वाटलं. काय माणूस आहे हा! आता जीव गेला तरी नियम सोडणार नाही. मी उठले आणि त्यांच्या कानाशी जाऊन म्हटलं, “साहेब, वर्षानुवर्षं तुम्ही आम्हाला हे बघायला लावलंत. आज बघा, कसं वाटतं ते.” बोलून गेले. त्यांचे डोळे भरलेले दिसले तेव्हा जीभ चावली, पण गेलेला शब्द काही परत येत नाही.

चाळीस झाले. चाळीसचे बेचाळीस झाले. अण्णा घड्याळाकडं बघत होते, आमच्या दाराकडं बघत होते. शेवटी त्यांनी हात हलवला आणि त्यांची गाडी निघाली.

साहेबांनी दारावर मूठ आपटली. एकदा, दोनदा. नव्या कंट्रोलरनं मानसुद्धा वर न करता, अगदी साहेबांच्याच सुरात म्हटलं, “थांबा. नोंद चालू हाय.”

त्यासरशी साहेब वळले, मला बाजूला सारून गाडीच्या दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी गेले, मुंडकं बाहेर काढलं आणि ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा माइकशिवाय ओरडले असतील.

“अण्णा! ओ अण्णा! गाडी थांबवा!”

अकरा वर्षांनी पहिला शब्द. अण्णा स्टुलावरून उठले. शिट्टी त्यांच्या हातात होती, पण त्यांनी ती तोंडाला लावली नाही. रेघेपर्यंत सावकाश चालत आले आणि विचारलं, “कुठली गाडी, साहेब? इथं तर इतर वाहन होतं एक.”

गाडीत कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांचा चेहरा काळाठिक्कर पडला. त्यांनी लेकीच्या सासरच्या गावाचं नाव घेतलं. तिच्या लग्नापासून जे कधी उच्चारलं नव्हतं ते नाव, मोठ्यानं, मधल्या सगळ्या थांब्यांसकट. “तिकडं जाणारी गाडी, अण्णा. माझ्या नातीचं बारसं हाय.”

“असं बोला की,” अण्णा म्हणाले आणि त्यांनी शिट्टी मारली. अशी मारली की फाटकाबाहेर पडलेली गाडी करकचून थांबली.

तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, “आली.” कडी निघाली. साहेब उतरले आणि धावले. त्या वयात, पिशवी छातीशी धरून, टोपी एका हातानं दाबून, चुन्याची रेघ ओलांडून धावले. मागून मी. अण्णा ओरडत होते, “बर्री साहेब, बर्री! बर्री बाई!” माझा तिसरा उशीर त्या दिवशी वाचला, हे मी प्रामाणिकपणे मान्य करते.

चार किलोमीटर आम्ही शेजारी बसून गेलो. साहेब खिडकीतून बाहेर बघत होते. मी उतरायला उठले तेव्हा म्हणाले, “बाई, मघाशी बोललात ते बरोबर बोललात.” मी म्हटलं, “वाळे बघा, आहेत ना खिशात?” आणि उतरले. दुसऱ्या दिवशी माझी गाडी स्टँडात नऊ मिनिटं आली नाही, ते वेगळं.

पंधरा दिवसांनी काकू बाकावर भेटल्या. मी आधी तेच विचारलं, पोहोचले का वेळेवर?

“पोचले की. पाळणा हलवायच्या आधी अंगणात हजर. सगळी सोयरी बसलेली. ही पोरगी दारात आली. म्या म्हटलं आता बापाच्या गळ्यात पडंल. तर ही हात आडवा करून म्हणती, ‘थांबा बाबा. तुम्ही दिसताय, पण अजून आलेला न्हाईत.’”

“अगं बाई! मग?”

“मग काय, आत गेली. पोराचा भांग पाडला. पाळण्याची फुलं नीट केली. जावयाला पाणी दिलं. ह्ये आपले पिशवी धरून उन्हात उभे. व्याही उठले बोलवायला, तर ह्येच म्हणत्यात, ‘बसा तुम्ही. तिचं होऊ द्या.’ डोळ्यांतनं पाणी गळतंय, पण पाय जागचा हलवला न्हाय. मग ती आली बाहेर, पोरीला त्यांच्या हातात दिली आन् म्हणाली, ‘हां. आता आलात. चला आत.’”

काकूंनी पदरानं डोळे पुसले. पुसता पुसता हसायला लागल्या.

“तुम्ही मध्ये पडला नाहीत, काकू?”

“म्या कशाला पडू? म्या घड्याळ बघत हुते.” त्यांनी पिशवी उचलली. त्यांची गाडी लागली होती. “नऊ मिनिटं उभं केलं पोरीनं. एक कमी न्हाय, एक जास्ती न्हाय. बापाचीच लेक.”